नळीच्या टोकावरची झीज

१

जुनी बंदूक घेण्याजोगी आहे का, हे बघायला लोक मला सोबत नेतात. मी पूर्वी ट्रॅप नेमबाजी करायचे, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडायचा खेळ. आता नाशकात मुलामुलींना तोच शिकवते. त्यामुळे दुनळी हातात आली की पुढचं माझ्या हातांना पाठ आहे. आधी ती उघडायची आणि रिकामी आहे याची खात्री करायची. मग नळ्या उजेडाकडे धरून आतून बघायच्या. मग त्या सुट्या करून दोरीला टांगायच्या आणि टिचकी मारायची. दोन नळ्यांमधला सांधा धड असेल तर घंटेसारखा आवाज येतो, सुटला असेल तर फुटक्या डब्यासारखा. आणि सगळ्यात शेवटी झीज बघायची. मला खरा रस त्यात असतो. मालक काहीही सांगो, बंदूक आजवर कशी धरली गेली ते झिजेवरून कळतं. खांद्यावर टाकून शेतभर हिंडणाऱ्याची झीज वेगळी, वर्षातून एकदा दसऱ्याला बाहेर काढणाऱ्याची वेगळी.

या वेळी मला माझा धाकटा भाऊ धनराज घेऊन गेला. दिंडोरीच्या पुढे त्याची द्राक्षबाग आहे आणि बागेतच घर. मागच्या हिवाळ्यात बिबट्याने अंगणातून कुत्रं उचललं, तेही त्याच्या बायकोच्या, सविताच्या, डोळ्यांदेखत. तेव्हापासून ऊन उतरलं की ती दारं लावून बसायची. धनराजने लायसन्ससाठी अर्ज केला, खेटे घातले, आणि एकदाचं ते मिळालं.

"मारायचं नाही गं ताई," तो गाडीत मला पुन्हा सांगत होता. "हवेत बार काढायचा, बस. आवाजानंच जातंय ते. आणि सविताला जरा धीर येईल."

सायखेड्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे विलायती दुनळी आहे, नवऱ्यामागे लायसन्स त्यांच्या नावावर झालंय, पण आता त्यांना ती सांभाळवत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

घर गावाच्या कडेला होतं. साधं स्लॅबचं, बाहेर ट्रॅक्टर, आत सोफा, टीव्ही, भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर. समोरच्या खोलीतून एक अरुंद बोळ थेट मागच्या दाराकडे जात होता आणि त्या उघड्या दारातून गोदावरीचं पाणी चमकताना दिसत होतं. दार उघडलं ते सून सुवर्णाने.

"आई, बंदुकीचे पाहुणे आले," तिने आत हाक दिली.

यशोदाबाई त्या बोळातच बसल्या होत्या. प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मागच्या दाराकडे तोंड करून, मांडीवर बंदूक घेऊन. नळ्यांची तोंडं दाराकडे. आमच्याकडे त्यांनी फक्त मान वळवली.

"या. बसा. मी उठते, पन आधी एकानं धरा हिला."

धनराज हसत पुढे झाला, पण मीच घेतली. मी दस्त्यावर हात ठेवला तरी त्यांनी आपले हात काढले नाहीत. माझी मूठ आवळली गेली आहे हे त्यांनी निरखून बघितलं, आणि मगच एकेक बोट सोडवलं. म्हाताऱ्या माणसाची काळजी, असं मला तेव्हा वाटलं. वस्तू महागाची, फरशी कडक.

२

बंदूक रिकामी होती. बिजागरीला हलकासाही खेळ नव्हता. बंद केली की जुन्या तिजोरीचं दार लागावं तसा जाड, बसका आवाज यायचा. दोन्ही घोडे नीट चढत होते, चापही कुठे अडकत नव्हते. दस्त्याला मनगटाशी, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक जागी, केसाएवढी चीर होती, पण ती वरवरची. नळ्या खिडकीकडे धरल्या तर आतून उजेडाची वर्तुळं एकात एक स्वच्छ दिसली. गंजाचे बारीक डाग होते, खड्डे नव्हते. धनराज माझ्या चेहऱ्याकडे बघत होता आणि त्याला त्यावर जे हवं ते दिसत होतं.

"चांगली आहे ना?"

"थांब. आवाज बघू दे."

मी नळ्यांखालचा लाकडी तुकडा काढला, नळ्या बिजागरीतून सोडवल्या. समोरच्या खोलीत छताला झोपाळ्याची कडी होती. सुवर्णाने सुतळी आणून दिली. मी नळ्या टांगल्या, हलायच्या थांबेपर्यंत वाट बघितली आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली.

सुरेख आवाज आला. भरीव, गोल, देवळातल्या घंटेसारखा. आणि तो खोलीभर पसरत असतानाच एकाएकी तुटला.

घंटा वाजताना कुणी तिला पंजा लावला तर तुटेल तसा.

मी नळ्यांकडे बघितलं. आसपास काही नव्हतं, भिंतही लांब होती. सुतळी कुठेतरी घासत असेल म्हणून मी गाठ वर सरकवली आणि पुन्हा टिचकी मारली. तोच आवाज. तसाच मध्येच बंद.

"आला ना आवाज? झालं तर मग," यशोदाबाई बोळाच्या तोंडाशी उभ्या होत्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. "जोडा आता, बाई. लवकर जोडा."

मी जोडली. सुतळी ओली असेल, आवाज शोषून घेत असेल, असं स्वतःला सांगितलं. ओल्या सुतळीने असं होतं का, हे मला माहीत नव्हतं.

मग मी झीज बघायला बसले.

नळ्यांवर काळा-निळा मुलामा असतो. हात जिथे रोज लागतो तिथला तो उडतो आणि खालचं पांढरं लोखंड दिसायला लागतं. साधारणपणे हे बिजागरीच्या पुढे होतं, कारण तिथे बंदुकीचा तोल असतो आणि माणूस तिथेच धरून चालतो. या बंदुकीवर तिथला मुलामा जसाच्या तसा होता. झीज होती ती नळ्यांच्या टोकाला. तोंडापासून वीतभर, लोखंड पार पांढरं पडलं होतं.

कोपऱ्यात उभी ठेवलेली बंदूक लोक टोकाला धरून उचलतात. तेच असणार. पण तशी उचलली तर एकाच हाताची झीज होते, आणि अंगठा पडतो नळीच्या तोंडाकडे. इथे मात्र हातांच्या दोन स्पष्ट जागा होत्या, एक डाव्या हाताची, एक उजव्या. बोटं खालून वेढलेली. आणि वर, दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर, अंगठ्यांचे दोन लांबट ठसे, दस्त्याच्या दिशेने.

मला ते नीट उलगडेना. म्हणून मी बंदूक उघडली, धनराजला दस्ता धरायला सांगितलं आणि ठशांवर माझे हात बसतात का ते बघू लागले. बाजूने बसेनात. त्याच्या शेजारी उभं राहून बसेनात. मग मी समोर गेले, नळ्यांच्या तोंडापुढे, आणि दोन्ही हात पुढे केले. अंगठे अलगद जागेवर बसले. रस्सीखेच करताना दोर धरतात, तशी माझी पकड झाली होती.

"तिथं नका उभ्या ऱ्हाऊ," यशोदाबाई म्हणाल्या.

"रिकामी आहे हो, उघडीच आहे."

"ते म्हाईत हाय मला. तिथं नका उभ्या ऱ्हाऊ."

३

मी बाजूला झाले. धनराजने बंदूक बंद करून माझ्याकडे दिली. तिचा तोल बघायला मी ती बिजागरीजवळ बोटावर आडवी ठेवली. तराजूच्या दांडीसारखी सरळ राहिली. इतका छान तोल फार कमी बंदुकांचा असतो.

मग मी ती खांद्याला लावली. आपसूक ती मागच्या दाराकडेच वळली, कारण घरात तेवढीच मोकळी दिशा होती. नळ्यांच्या टोकापलीकडे बोळ, दाराची चौकट, पायऱ्या, पाणी. आणि बंदूक पुढून जड लागली.

बोटावर सरळ राहणारी बंदूक खांद्याला पुढून जड लागत नाही. मी श्वास सोडला, खांदा सैल केला. तेव्हा कळलं की हे वजन नाही. वजन खाली जातं. हे पुढे जात होतं. दोघींनी चादरीची घडी घालताना समोरची आपलं टोक ताणून धरते, तसं. जोर नव्हता, घाई नव्हती. मी थोडी मागे ओढली तर तेवढीच पुढे ताणली गेली.

मी बंदूक खाली घेतली. तळवे कपड्यांना पुसले. खांदा अवघडला असेल, सकाळपासून चहाशिवाय काही पोटात नाही, असं बरंच काही मनात आलं आणि त्यातलं काही खोटं नव्हतं.

धनराज ट्रॅक्टर बघायला बाहेर गेला, सुवर्णा चहाला. मी यशोदाबाईंच्या हातात बंदूक दिली. त्या लगेच खुर्चीत बसल्या, तोंडं दाराकडे करून.

"मालक अशीच घेऊन बसायचे का?" मी विचारलं.

"हां. दुपारच्याला. समदी कामं सोडून बसायचे. ते गेल्यावर मी बसू लागले."

"पण कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पोळी कशाला खाता असं विचारलंय.

"सोडून कसं चालंल?"

"कपाटात का नाही ठेवत?"

"ठिवली व्हती." त्या थांबल्या. सुवर्णा कपबशा घेऊन येत होती. यशोदाबाईंनी आवाज खाली आणला. "आता माझे हात लय दुखत्यात, बाई. ही पोर धराया तयार नाय. तुमचा भाऊ धट्टाकट्टा हाय."

परतताना मी धनराजला सांगितलं, ही घेऊ नकोस. का, म्हणाला. दस्ता तुझ्या मापाला आखूड आहे, मनगटाशी चीर आहे, जुन्या नळ्यांचा आजच्या काडतुसांना भरवसा नाही, असं मी बोलत गेले. सगळी कारणं खरी होती. जे सांगायचं होतं ते मात्र तोंडातून निघेना, कारण ते वाक्य मनात जुळवून बघितलं की हसू यायचं. म्हातारी काय म्हणाली हेसुद्धा मी सांगितलं नाही.

"ताई, तुला खेळातल्या बंदुकांची सवय आहे," तो म्हणाला. "मला बार काढायचाय फक्त."

४

परवानगीचे कागद होऊन बंदूक त्याच्या घरी आली तेव्हा द्राक्षात साखर भरायला लागली होती. मी त्या दिवसांत स्पर्धेसाठी पोरांना घेऊन बाहेरगावी होते. परत आल्यावर सविताचा फोन आला.

"ताई, एकदा येऊन जा ना. यांच्याशी बोला."

"काय झालं?"

"बिबट्या कधी भर दुपारी येतो का हो? जेवण झालं की खुर्ची ओट्यावर टाकतात आणि बंदूक घेऊन बसतात. व्यापारी येऊन उभे राहिले तरी उठत नाहीत. काल मी म्हटलं, जरा बाजूला ठेवा आणि हात धुऊन या, तर म्हणाले, तू धरतेस का. मी नाही धरली."

मी गेले तेव्हा धनराज बरा दिसला. थोडा वाळला होता, पण हंगामात सगळेच वाळतात. ओट्यावर बसला होता, नळ्या बागेच्या दिशेने करून. मी बंदूक मागितली. त्याने दिली, पण माझी मूठ आवळली गेली आहे हे बघून मगच.

टोकावरची झीज तशीच होती. तिच्या मागे, दोन बोटं अंतरावर, आणखी एक जोडी होती. पुन्हा दोन हात, पुन्हा दोन अंगठे दस्त्याकडे. आणि तिच्या मागे आणखी एक, थोडी पुसट, कोवळी. लोखंड अजून पूर्ण पांढरं झालं नव्हतं.

दोर ओढत माणूस जवळ येतो तेव्हा हातापुढे हात टाकतो. तो विचार मी तिथेच थांबवला.

फोनमध्ये सायखेड्याला काढलेले फोटो होते. मी ते उघडले, मोठे केले. फोटोत टोकाची एकच जोडी होती. त्यामागे नळ्या काळ्याभोर, चकचकीत.

"तू काय लावून पुसतोस हिला?"

"तेल."

"कसलं?"

"तूच सांगितलेलं." त्याने माझ्या हातातून बंदूक काढून घेतली. उद्धटपणे नाही, लहान बाळ कडेवर परत घ्यावं तसं. "ताई, म्हातारीचं बरोबर होतं. हिला ठेवून देता येत नाही. पहिले पहिले ओढ लागायची. आता नाही लागत."

"कसली ओढ?"

तो बागेकडे बघत राहिला. "आता नाही लागत ना, मग सोड की."

सविता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मी तिला म्हटलं, मी दोन दिवस इथेच राहते.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्ची रिकामी दिसली. सविता म्हणाली, बागेत गेलेत, व्यापाऱ्याचा फोन होता. मी मांडवाखाली शिरले. घड कागदात गुंडाळलेले, वर तारांची जाळी, ऊन चाळणीतून पडल्यासारखं. मजूर पलीकडच्या प्लॉटमध्ये होते, त्यांचे आवाज दबके ऐकू येत होते.

धनराज एका ओळीच्या मध्यावर पाठमोरा उभा होता. बंदूक खांद्याला, नळ्या ओळीच्या लांबवर रोखलेल्या. मी हाक मारणार होते, पण तेवढ्यात तो बोलताना ऐकू आला. फोनवर बोलत होता. माल कधी उचलणार, पेटी कुठली आणणार, असं काहीतरी. फोन त्याच्या डाव्या हातात, कानाला.

मी चालत राहिले आणि मग माझे पाय थांबले.

दुनळी जड असते. खांद्याला लावून एका हाताने कुणी धरली तर नळ्या लगेच खाली झुकतात, कितीही ताकदीचा माणूस असू दे. मी हे रोज पोरांना दाखवते. धनराजचा उजवा हात दस्त्याच्या मनगटाशी नुसता टेकलेला होता, करंगळी सुटी. आणि नळ्या सरळ होत्या. आडव्या, स्थिर. नाही, अगदी स्थिर नव्हत्या. टोक किंचित वर व्हायचं, किंचित खाली. श्वासासारखं. धनराज बोलत होता, हसत होता, त्याच्या श्वासाशी त्या हालचालीचा मेळ नव्हता.

त्याने फोन खिशात टाकला आणि मला बघितलं.

"बघ ताई, किती हलकी झालीय."

मी जवळ गेले. नळ्यांखालच्या लाकडी तुकड्यावर, जिथे त्याचा डावा हात असायला हवा होता, तिथे लाकूड ओलसर दिसत होतं. चार बोटांची ओल. बघता बघता ती थोडी मागे सरकली, चापाकडे, त्याच्या उजव्या हाताकडे.

"सोड," मी म्हणाले.

"अगं, पण..."

"धनराज, सोड ती."

मी दस्ता धरला आणि त्याला खांद्याने बाजूला ढकललं. बंदुकीला वजनच नव्हतं. पलीकडून कुणी आपला अर्धा भार उचलला की पलंगाला जसं वजन राहत नाही, तसं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, जी हातांना पाठ होती. मी लाकडी तुकडा उपसून काढला, कळ दाबली, नळ्या बिजागरीतून सोडवल्या. दस्ता काखेत मारला आणि नळ्या डाव्या हातात राहिल्या.

त्या ओढल्या गेल्या. तशाच, घाई न करता. मी टाचा रोवल्या. भुसभुशीत मातीत माझ्या टाचांनी चर पाडले. नळ्यांपुढे ओळ रिकामी होती, ठिबकची काळी नळी, वाळकी पानं, ऊन. माझ्या मुठीच्या पुढे लोखंड गार होतं आणि ते गारपण हळूहळू माझ्या बोटांपर्यंत येत होतं.

मी मूठ उघडली.

मऊ माती असली तरी एवढं लोखंड पडल्याचा आवाज येतो. मी त्याची वाट बघत राहिले. आला नाही. खाली बघितलं, पायाशी काही नव्हतं.

मग ओळीत पुढे, थोड्या अंतरावर, मांडवाच्या लोखंडी खांबावर काहीतरी टणकन आपटलं. तारा थरथरल्या. थोड्या वेळाने पुढच्या खांबावर. मग त्याच्या पुढच्या. लांब वस्तू घेऊन अरुंद जागेतून जाताना ती इकडेतिकडे लागते, तसे आवाज होते ते, आणि ते लांब लांब जात होते.

"ताई," धनराज म्हणाला. त्याचा चेहरा झोपेतून उठवल्यासारखा झाला होता. "तिकडं घर आहे."

६

आम्ही पळत पोहोचलो तेव्हा सविता मागच्या मोरीत भांडी घासत होती. नळ चालू होता. तिने मान वर केली.

"आलात? पाहुणे आलेत, आत बसवलंय."

"कोण पाहुणे?" धनराजने विचारलं.

"मला काय माहीत? बागेतून आले, तुम्हीच पाठवलं असेल म्हणून या म्हटलं. पाणी दिलं, तर घेतलं नाही. दोन्ही हात गुंतलेले होते त्यांचे."

"कशात?" मी विचारलं.

"पाइप होते का काय. ठिबकचे असतील."

"दिसायला कसे होते?"

सविता सांगायला लागली आणि थांबली. तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं, त्यात नळाचं पाणी भरून वाहू लागलं. तिच्या कपाळावर आठी आली, मग ती आठी सुटली आणि चेहऱ्यावर काहीच उरलं नाही.

"मी हातच बघितले, ताई," ती म्हणाली. "वर बघितलंच नाही मी."

आतल्या खोलीत खुर्ची फरशीवर सरकली. कुणी ती दाराकडे वळवून घ्यावी तशी.

मी सविताचा ओला हात धरला. धनराजने गाडीच्या किल्ल्या खिशात चाचपल्या, त्या खिशातच होत्या, देवाची कृपा. गॅसवर काही होतं का, दार लावलं का, काही बघितलं नाही. थेट नाशकात माझ्या घरी येऊन थांबलो. दस्ता आणि लाकडी तुकडा मागच्या सीटवर पडून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनराज पोलिसात गेला. बंदूक जमा करायची आहे, असं त्याने सांगितलं. दस्ता आणला आहे, नळ्या घरात आहेत, घरात जायची हिंमत होत नाही. बिबट्या शिरला असेल असं त्यांना वाटलं असावं. आधी एकाने वनखात्याला फोन लावला, तिथून काही नक्की कळेना, तेव्हा भिकन नावाचे एक हवालदार जीप घेऊन आमच्यासोबत निघाले. बोलका माणूस. वाटेत त्यांनी सविताला द्राक्षाचा भाव विचारला, मुलीच्या लग्नाचं सांगितलं.

घर आम्ही सोडलं तसंच होतं. दारं उघडी. मोरीतला नळ चालूच होता, पाणी अंगणात आलं होतं. आम्ही तिघं फाटकाशी थांबलो. भिकन हवालदार काठी आपटत आत गेले. आतून त्यांचा आवाज ऐकू आला, कुणाशी तरी बोलल्यासारखा, मोकळा, नेहमीचा. मग काही वेळ काहीच नाही. धनराज फाटकाची सळई धरून उभा होता.

मग ते बाहेर आले. काठी काखेत होती आणि हातात नळ्या.

"काय राव, एवढं घाबरलात?" ते हसत म्हणाले. "घरात माणूस बसलंय की तुमचं. मी म्हटलं, द्या इकडं, तर दिल्या गुमान. बोलत नाहीत का ते?"

धनराज फाटकापासून दोन पावलं मागे सरकला.

"हलक्या आहेत हो," ते म्हणाले. त्यांनी नळ्या एकाच हातात, मागच्या टोकाला धरल्या होत्या. दुसऱ्या हाताने ते टोपी नीट करत होते. नळ्या त्यांच्यापुढे सरळ, आडव्या होत्या. टोक किंचित वर होत होतं, किंचित खाली.

मी तोंड उघडलं. शब्द तयार होते, साधे होते. टाका त्या खाली, एवढंच म्हणायचं होतं. सविताने माझं मनगट धरलं. तिने ते दाबलं, तिची नखं लागेपर्यंत. ती त्या माणसाकडे बघत नव्हती. ती आपल्या घराच्या उघड्या दाराकडे बघत होती, आणि दारात कुणी नव्हतं.

मी तोंड मिटलं.

भिकन हवालदार जीपकडे गेले. त्यांनी मागचं दार उघडलं, नळ्या आत सीटवर ठेवल्या. दार लगेच लावलं नाही. आपल्यासोबतचं माणूस चढून नीट बसेपर्यंत आपण हात दारावर ठेवून थांबतो, तसे ते क्षणभर थांबले, आणि मग त्यांनी दार लावून घेतलं.